नावाची जागा

आमच्या जांबे गावातल्या खोल्यांतून भाडेकरू जातात तेव्हा मागे काही ना काही ठेवून जातात. फुटकी बादली, एका पायाची चप्पल, गेल्या वर्षीचं कॅलेंडर. पियूष पेडल स्टील गिटार ठेवून गेला. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा नागपूरकडचा सज्जन पोरगा. कंपनीनं त्याला परदेशी धाडलं आणि हे धूड विमानात नेता येईना. म्हणाला, काका, मी येईपर्यंत सांभाळा, वाटलं तर वाजवा. तो काही परत आला नाही, आणि मी वाजवायला लागलो.

गिटार म्हटल्यावर गळ्यात अडकवायचं जे डोळ्यांपुढे येतं, ते हे नाही. हे चार पायांचं टेबल आहे. वर दहा तारा, खाली दाबायला तीन पेडलं, गुडघ्यानं ढकलायचे खटके आणि डाव्या हातात एक गुळगुळीत लोखंडी दांडी. ती दांडी तारांवरून सरकवायची, उजव्या बोटांत नख्या चढवून तारा छेडायच्या आणि पेडल दाबलं की सूर वाकतो. तो तुटत नाही, एका जागेवरून दुसरीकडे ओढत जातो. पन्नाशीच्या माणसानं दोन हात, दोन पाय आणि दोन गुडघे एकाच वेळी निरनिराळ्या कामाला लावायचे म्हटल्यावर त्याचं हसं होणारच. शुभांगी, माझी बायको, पहिल्या दिवशी दारात उभी राहून सगळं बघत होती. शिलाई मशीन ठेवून गेला असता तर निदान पडदे तरी शिवून झाले असते, एवढं बोलून ती आत गेली.

पियूष फोनवरून शिकवायचा. तिकडे त्याची सकाळ असायची, इकडे माझी दुपार. त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं की हे वाद्य एकट्यानं मिरवायचं नाही, गाणाऱ्याच्या मागे बसायचं आहे. गाणारा गात असताना हात आवरायचा. तो श्वास घेईल तेव्हा आपली जागा. आणि ऐन वेळी खात्री वाटली नाही तर वाजवायचंच नाही, जागा रिकामी सोडायची. रिकामी जागासुद्धा गाण्यातलीच असते म्हणाला. मला हे फार पटलं, कारण माझी खात्री कधीच नसायची.

घरी भाडेकरू तक्रार करायला लागले. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी माणसं ती, त्यांचं काही चुकत नव्हतं. कासारसाईच्या धरणाच्या अंगाला आमचा एक तुकडा अजून विकायचा राहिलाय, तिथं जुना गोठा आहे. गोठ्यात जनावर नाही, वीज मात्र आहे. गिटार आणि छोटा स्पीकर तिथं नेला आणि दुपारच्या दुपार तिथं बसायला लागलो. भिंतीला टेकून एक जातं पडलेलं होतं, माझ्या आईच्या काळातलं. त्यावर मी चहाचा थर्मास ठेवायचो.

तिथं एका दुपारी बायजाआक्का आली.

आक्का धनगराची. आमची शेतं होती तेव्हा तिची मेंढरं दर वर्षी आमच्या रानात बसायची, रान खताला यायचं आणि आई त्यांना धान्य द्यायची. त्या रानांत आता इमारती आहेत, पण आक्काचं मला लहानपणीच्या नावानं हाक मारणं तेवढं राहिलंय. साठी ओलांडलेली बाई, काठीसारखी ताठ. शेरडं बाहेर सोडून ती दारात उभी राहिली आणि मी पेडल दाबून एक सूर वर ओढत होतो, तो संपेस्तोवर हलली नाही. मग हे रडतंय कोण, असं विचारलं. मी सांगितलं, वाद्य आहे. तिनं जवळ येऊन तारांवर हात ठेवला, माझ्या पायांकडे पाहिलं, पुन्हा एकदा वाजवायला लावलं.

"किसा," ती म्हणाली, "हे झील धरील का रं?"

झील धरणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एक ओवी गाते आणि ओळीच्या शेवटी तिचा दम संपतो, तिथं समोरची शेवटचा शब्द उचलते आणि लांबवते. तेवढ्यात पहिली श्वास घेते, जात्यात मूठभर दाण्यांची वैरण घालते, पुढची ओळ धरते. ओवी अशी दोघींच्यात फिरत राहते, मधे खाली पडत नाही. पियूषनं सांगितलेलं तेच की हे, असं मला वाटलं आणि मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणून बसलो.

आक्काला घाई होती. पल्लवीचं लग्न ठरलं होतं. पल्लवी ही आक्काच्या धाकट्या बहिणीची, तुळजाची, मुलगी. बायजा आणि तुळजा सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा, एकाच मांडवात दोन भावांना दिलेल्या. सगळी पंचक्रोशी त्या दोघींच्या ओव्या ऐकायला थांबायची, हे मी आईच्या तोंडून ऐकलेलं. पल्लवी रांगत होती तेव्हा तुळजा तापानं गेली. त्यानंतर आक्का जात्यावर बसली पण गायली नाही. समोर माणूस नाही तर गाऊ कशी, असं तिचं म्हणणं. आता पल्लवी म्हणत होती, डीजे संध्याकाळी वाजू दे, पण माझी हळद जात्यावर दळायची आणि आईच्या ओव्या गाऊनच दळायची. तिला आईचा चेहरा एका फोटोतून माहीत होता. आवाज कुठंच नव्हता.

गावात झील धरणारी उरली नव्हती. सुना टीव्हीवरची गाणी म्हणतात, म्हाताऱ्या दमेकरी झाल्या. म्हणून ही बाई एका भाडेकरूच्या टाकून दिलेल्या टेबलापाशी आली होती. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. पन्नास वर्षांत मला कुणी गाण्यासाठी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसायला लागलो. थर्मास उचलून आक्कानं जातं पुसलं, पोतं अंथरलं, समोरच्या बाजूलाही एक अंथरलं. रिकामं जातं फिरवायचं नाही म्हणून घरून मूठभर जोंधळे आणले. मी पोत्यापलीकडे गिटार मांडून बसलो. तिनं खुंटा धरला आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडलं. आवाज गंजलेला होता, तरी त्यात असं काही होतं की बाहेरची शेरडंही चरायची थांबली. ओळ संपली. माझी जागा आली. मी दांडी सरकवली, पेडल शोधलं, ओळ खरंच संपली की नाही याची खात्री करून घेतली, आणि तोवर ती जागा निघून गेली.

असं सारखं व्हायला लागलं. आक्का चिडायची. ती म्हणाली, आमच्यात जागा रिकामी सोडत न्हाईत, पडलेला शबुद कुनीबी उचलतं. मी पियूषचं तत्त्व तिला समजावून सांगितलं, रिकामी जागासुद्धा गाण्यातलीच असते वगैरे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

मग एकदा, भर उन्हाची वेळ, तिनं एक ओळ म्हटली. शेवटचा शब्द होता 'अंगणात'. मला नेहमीप्रमाणे उशीर झाला. आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी 'अंगणात' म्हटलं.

मोठ्यानं नाही. शेजारच्या खोलीत कुणी काम करता करता गुणगुणावं, तेवढंच. मला वाटलं स्पीकर घुमला. मी बटण बंद केलं. आक्काचा हात खुंट्यावर थांबला होता. तिनं श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, आणि मी तारांना हात लावला नाही, आणि तो शब्द पुन्हा उचलला गेला. बाईचा आवाज, कोवळा, शेवटी किंचित घोगरा होणारा. तो समोरच्या पोत्यावरून येत होता. पोत्यावर कुणी नव्हतं. माझ्या मानेपासून टाचेपर्यंत काटा आला, आणि दारातून बाहेर पाहिलं तर लख्ख ऊन, धरणाचं पाणी, पलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती, सगळं जागच्या जागी.

आक्का रडत होती. पण घाबरलेली नव्हती.

"तुळजा हाय," ती म्हणाली. "माजी साठी उलाटली, आन् ही अजून तिशीचीच."

त्या दिवशी मी घरी गेलो पण शुभांगीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं गिटार भंगारात घातली असती आणि मला डॉक्टरकडे नेलं असतं. पुन्हा जायचं नाही असं ठरवून झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपार झाली आणि पाय आपोआप तिकडे वळले. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तो आवाज पुन्हा ऐकायची ओढ जास्त होती.

त्यानंतरचे दिवस मी वाजवायला जाऊन नुसता बसून असायचो. आक्का मला हात लावू द्यायची नाही. ती गायची, जागा सोडायची, समोरून झील यायची. दोघी बहिणी गात होत्या आणि मी पेडलांवर पाय ठेवून, बोटांत नख्या घालून, त्यांची धुणी राखणाऱ्या माणसासारखा ताटकळत होतो. आक्काचा आवाज रोज सुटत गेला. गंज गेला, वय गेलं. मला मनातून राग यायचा, शिकायला आलो मी आणि शिकतंय दुसरंच कुणी. पण तो राग गोठ्याबाहेर आल्यावरचा. आत असताना मी श्वाससुद्धा जपून घ्यायचो.

मग आक्कानं नवरीची ओवी काढली.

ही ओवी त्यांच्या घरातली. हळदीला ती सगळ्यात शेवटी म्हणतात, तिच्याशिवाय हळद पुरी होत नाही. गाणारी विचारते आणि समोरची उत्तर देते. नवरीचं नाव गाणारीनं घ्यायचं नसतं, ते झील धरणारीनंच घ्यायचं. सरावाला तर खरं नाव मुळीच घेत नाहीत, एखाद्या कोकराचं घेतात. आक्काच्या शेरडांबरोबर एक काळ्या तोंडाचं कोकरू होतं, मैना म्हणून. पल्लवीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. आज मैनाचं घे गं, असं आक्का मोकळ्या पोत्याकडे बघून म्हणाली.

आक्का गायली,

*हळकुंड घालीते, जात्याच्या मुखात,*
*कोन गं नवरी, बसली सुखात?*

जागा मोकळी सोडली. आधी श्वास घेतल्याचा आवाज आला. तो मी तोवर कधी ऐकला नव्हता, लांब, पोट भरून घेतलेला. मग त्या कोवळ्या आवाजानं 'मैना' म्हटलं.

बाहेर कळपातून कोकरू निघालं. पळालं नाही, हुंदडलं नाही. आईनं हाक मारल्यावर लेकरू येतं तसं सरळ दारातून आत आलं, माझ्या पायांना घासून गेलं, समोरच्या रिकाम्या पोत्यावर बसलं आणि जात्याच्या दगडाला हनुवटी टेकली. आम्ही त्याला उचलून बाहेर नेलं, ते पुन्हा आत आलं. दुधाची बाटली तोंडात घातली तर दूध ओठांवरून खाली गळलं. शेवटी आक्का म्हणाली राहू दे, आणि आम्ही दार लोटून घेतलं.

सकाळी मी आधी तिथं गेलो. मैना तशीच बसलेली होती, हनुवटी दगडावर टेकून, थंडगार.

आक्का आली, तिनं कोकराच्या डोक्यावरून हात फिरवला. मी चढ्या आवाजात बोललो. हे आत्ताच्या आत्ता थांबवायचं. हळद गिरणीतून दळून आणायची, पल्लवीला सांगायचं आक्काचा घसा बसला. लग्नघरात हा खेळ नको. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. तुळजाचं काही चुकलं नाही म्हणाली, तिला नाव दिलं आणि ती घेऊन गेली, आईला काय कळतंय कुणाचं नाव आहे ते. तिच्या दृष्टीनं तिनं हाक मारली आणि लेकरू आलं.

"मग पल्लवीचं नाव घेतलं तर?" मी विचारलं.

तिनं कोकराला उचलून मांडीवर घेतलं.

मी म्हटलं, निदान सगळ्या जागा मला भरू दे. पहिल्या ओवीपासून. तिला आतच येऊ द्यायचं नाही.

"लेकीच्या हळदीला आयनं येऊ न्हाई व्हय?" आक्का म्हणाली.

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर मला सांगा.

शेवटी ठरलं ते असं. बाकी सगळी झील तुळजाला घेऊ द्यायची. पल्लवीला आईचा आवाज मिळू दे, तो कुणाचा हे तिला कळलं नाही तरी कानावरून जाऊ दे. फक्त नावाच्या जागी मी यायचं. नाव माझ्या तारांनी घेतलं की जागा भरते, मग दुसऱ्या कुणाला ती मिळत नाही. आक्का स्वतः ते नाव घेऊ शकत नव्हती, रीत तशी होती. आणि रीत मोडली असती तरी तिला ते जमलं नसतं, हेही तिनंच सांगितलं. समोर बहीण श्वास घेते आहे हे ऐकल्यावर माझं तोंड उघडायचं नाही रे किसा, मी तिलाच घेऊ देईन.

"तू येळंवर ये," ती म्हणाली. "एवढी एक येळ."

लग्नाला थोडे दिवस उरले होते. ते मी घरीच वरच्या खोलीत दार लावून घालवले. पल्लवी हे नाव तीन सुरांचं. पहिल्याला पेडल दाबलेलं, दुसऱ्याला सोडलेलं, तिसऱ्याला दांडी वर सरकवून 'वी' लांबवायचा. पल्, ल, वी. शंभरदा, हजारदा. शुभांगी चहा घेऊन वर आली आणि ऐकत उभी राहिली. म्हणाली, स्पष्ट पल्लवीच ऐकू येतंय, खालचे भाडेकरू म्हणतील काकांनी म्हातारपणी कुणाला तरी गाठलं. नेहमीसारखं हसायला मला जमलं नाही. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सूर जमले होते. वेळ जमत नव्हती. पियूषला फोन केला. कारण सांगितलं नाही, एवढंच विचारलं की मला नेहमी उशीर का होतो. तो म्हणाला, काका, तुम्ही गाणारा थांबल्याची वाट बघता. थांबल्यावर निघालात तर उशीरच होणार. त्याचा शेवटचा शब्द चालू असतानाच हात उचलायचा, तो थांबेल यावर भरवसा टाकून. चुकलात तर चुकलात. मी म्हटलं, आणि खात्री नसेल तर जागा सोडायची त्याचं काय? तो हसला आणि म्हणाला, ते नवशिक्यांना सांगतात.

हळदीच्या सकाळी आक्काच्या अंगणात मांडव घातला होता. माझ्या गोठ्यातलं जातं धुऊन आणलेलं, खुंट्याला आंब्याची पानं बांधलेली. सवाष्णींनी एकेक वेढा दिला, नाव घेण्याचा आग्रह झाला, हशा झाला. मग आक्का बसली. समोरचा पाट तिनं मोकळा ठेवायला लावला. पल्लवी बाजूला बसली, ओटीत हळकुंडाचे तुकडे घेऊन, जात्यात घालायला. पिवळ्या साडीतली हसरी पोर, मोबाईल बाजूला ठेवायला तयार नव्हती, शेवटी एका मावशीनं काढून घेतला. मी मांडवाच्या खांबापाशी गिटार मांडली. बायकांनी तोंडाला पदर लावून माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीचं टेबल आणलंय जणू, असं कुणीतरी म्हणालं आणि ते मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं म्हणालं.

आक्कानं पहिली ओवी देवाला गायली. ओळ संपली, आणि समोरच्या मोकळ्या पाटावरून झील आली.

बायकांचे पदर तोंडावरून खाली आले. मी माझे हात मांडीवर ठेवलेले होते. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. रत्नाबाई म्हणून एक जुनी म्हातारी आहे, ती शेजारणीला म्हणाली, "लई बाय-मानसावानी वाजतंय गं ते." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत माझी वाहवा झाली, आणि मला घाम फुटला होता.

ओवीमागून ओवी गेली. हळदीचा वास भरून राहिला. आक्का गात होती, तुळजा उचलत होती. जातं इतकं हलकं फिरत होतं की आक्काचा हात खुंट्यावर नुसता टेकलेला दिसत होता. पल्लवीचं हसू केव्हाच थांबलं होतं. ती तुकडे घालत होती आणि प्रत्येक झिलीला तिची मान थोडी पाटाकडे वळत होती. झोपेत दिव्याकडे वळणाऱ्या लहान मुलासारखी. आणि मला एका क्षणी वाटलं, कशाला अडवायचं. पोरीनं जन्मभर हे ऐकलेलं नाही. कोण मी, हिच्या आणि हिच्या आईच्या मध्ये टेबल मांडून बसणारा. हे मला अगदी मनापासून वाटलं.

मग आक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि शेवटची ओवी धरली.

*हळकुंड घालीते, जात्याच्या मुखात,*

'मुखात', समोरून झील आली. मी दांडी उचलली.

*कोन गं नवरी, बसली सुखात?*

'सुखात'चा शेवट अजून आक्काच्या तोंडात होता, तेव्हाच मला तो श्वास ऐकू आला. लांब, पोट भरून घेतलेला. वाट बघायला वेळ नव्हता. मी पेडल दाबलं, आक्काच्या शब्दावरच चढलो, पल्, सोडलं, ल, दांडी सरकवली, वी. 'वी' जरा जास्तच वर गेला. पियूषनं नाक मुरडलं असतं. मी तो धरून ठेवला, तार थरथरून विझेपर्यंत धरून ठेवला, आणि तो विझल्यावर अंगणात काहीच उरलं नाही.

आक्काचा हात खुंट्यावरून निघाला होता. जातं तरी एक वेढा फिरलं, रिकामं, दगडावर दगड घासत, आणि थांबलं.

मग बायकांनी टाळ्या वाजवल्या. नाव वाजवलं गं नाव, म्हणून एकच कालवा झाला. त्या गडबडीत मला दिसलं की पल्लवी उभी आहे. ओटीतली हळकुंडं खाली सांडली होती, तिचा एक पाय पाटाकडे उचललेला होता आणि तिला ते ठाऊक नव्हतं. आक्कानं तिचा हात धरून खाली बसवली. मांडवात पोरगी धडपडली एवढंच बाकीच्यांना वाटलं.

मी गिटार उतरवत होतो तेव्हा ती खांबामागे आली. अंगाला हळद लागलेली, डोळे कोरडे. पाठोपाठ आक्काही आली.

"काका," पल्लवी म्हणाली, "ती गात होती तिला मधेच का थांबवलंत?"

मी तारा पुसत राहिलो. आक्कानंच सांगितलं. काही लपवलं नाही, मैनाचंही नाही. पल्लवीनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती ओरडेल किंवा भोवळ येऊन पडेल. यातलं तिनं काही केलं नाही.

"नाव घितलं असतं तर तू उटून गेली असतीस, बाय," आक्का म्हणाली.

"मी उठलेच होते," पल्लवी म्हणाली.

लग्न नीट पार पडलं. पल्लवी महाळुंग्याला, अकराव्या मजल्यावर सुखात नांदते आहे. नवरा चांगला आहे. आक्का पुन्हा गायली नाही. जातं आम्ही तिच्याच अंगणात उभं करून ठेवलंय, भिंतीकडे तोंड करून.

मी अजून वाजवतो, आणि लोक म्हणतात बरं वाजवतो. भजनी मंडळानंही बोलावलं. पियूषला परवा ऐकवलं तर म्हणाला, काका, वेळ अगदी अचूक झाली, पण आता तुम्ही श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही. मी त्याला काय सांगणार. त्या दिवशी आम्ही तुळजानं श्वास घेतलेला ऐकला, सोडलेला ऐकला नाही. नाव तिच्या तोंडात तसंच आहे. गाणं कुणाचंही असो, कुठंही असो, मी हात थांबवला की त्या मोकळ्या जागेत कुणीतरी श्वास धरून बसलेलं मला कळतं.

पल्लवी माहेरी येते तेव्हा आमच्याकडे चक्कर टाकते. शुभांगी तिला चहा देते, सासरचं विचारते. मग ती वर येते आणि वाजवा म्हणते. नाही म्हणवत नाही. मी वाजवतो, एका सुरातून दुसऱ्यात जातो, पेडल सोडायच्या आत पुढची तार धरतो. ती समोर मांडी घालून बसते, आणि मी कधी थांबतो याची वाट बघते.